पंचवीसला पंचवीस

कॉलेजात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. रसायनाच्या प्रयोगशाळेत येणारी मुलं तिला फिक्कटमावशी म्हणत. त्याचं कारण असं, की काचेच्या पात्रात मोजून घेतलेल्या, दर्शकाचे दोन थेंब टाकलेल्या ॲसिडमध्ये वरच्या उभ्या नळीतून कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडताना मुलांचा धीर सुटतो. तोटी जरा जास्त फिरते आणि पात्रातलं बिनरंगी पाणी एकदम भडक गुलाबी होऊन बसतं. मग ओता सगळं मोरीत आणि करा पहिल्यापासून. म्हणून टेबलांच्या रांगांमधून फिरताना तिची एकच टकळी चालू असायची, "फिक्कट हवा रे बाबांनो, फिक्कट. आहे की नाही असा संशय आला पाहिजे."

असा संशयाचा गुलाबी रंग आला आणि पात्र हलवूनही गेला नाही, की समजायचं ॲसिड संपलं. मग नळीवरचा आकडा वाचायचा. पंचवीस मिली ॲसिडला पंचवीस मिली कॉस्टिक. बाटलीत सल्फ्युरिक असो नाही तर दुसरं कुठलं, आकडा हाच. कुणाचा सव्वीस आला तर ह्याने नळी धुऊन पाणी तसंच आत राहू दिलंय, हे ती लांबूनच सांगायची. त्या पंचवीसवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. माणसांनी तशी कारणंही दिली होती.

ही जागा मुळात तिच्या नवऱ्याची. तो ह्याच प्रयोगशाळेत मदतनीस होता. एका हिवाळ्यात छातीत कफ साठल्याचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात माणूस गेला. तेव्हा लेक अजून कडेवर होती आणि सासऱ्यांच्या अंगावरून वारं जाऊन वर्ष व्हायचं होतं. कॉलेजने माणुसकी दाखवली. तिला हंगामी म्हणून कामावर घेतलं आणि प्रयोगशाळेच्या मागच्या दोन खोल्याही राहू दिल्या. खोल्या म्हणजे एक लांबट, एक आखूड. आखूड खोलीच्या खिडकीतून बाटल्या धुवायचा हौद दिसायचा आणि वारं उलटं असलं की स्वयंपाकात गंधकाचा वास मिसळायचा. सासरे म्हणायचे, सूनबाई, तुमच्या हाताला चव आहे, पण ती बाटलीतली आहे.

सासरे म्हणजे एके काळचा नावाजलेला शिंपी. उजवा हात लुळा पडल्यापासून त्यांच्यापाशी जीभ तेवढी धारदार उरली होती. दिवसभर खाटेवर पडून ते भिंतीवरच्या ओलीचं माप घेत आणि संध्याकाळी सांगत, आज छाती दोन बोटं वाढली हो.

हंगामी नोकरी म्हणता म्हणता लेक शाळा संपवून मोकळी झाली. कुणी काही विचारलं नाही आणि हिनेही झाकली मूठ उघडली नाही. मग वरून नवा नियम आला. हंगामी म्हणून लागलेल्या सगळ्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षाचा आपापल्या विषयाचा पेपर द्यावा आणि पास व्हावं. पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत तीन वेळा बसता येईल. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर जागा सोडावी, जागेबरोबरच्या खोल्याही सोडाव्यात. विभागप्रमुख बाईंनी तिला खुर्चीवर बसवून हे समजावलं. बाई मनाने चांगल्या. म्हणाल्या, अगदीच नाही झालं तर तुमची मुलगी आहे की. तिचं रसायन पक्कं आहे. घरातलं कुणी पात्र असेल तर आधी त्याला विचारायचं असं नियमातच आहे, म्हणजे खोल्या जाणार नाहीत.

बाईंना वाटलं, आपण तिला धीर दिला. ती मात्र जिना उतरली ती कठड्याला धरून.

कारण लेकीला दूरच्या मोठ्या शहरातल्या संस्थेत प्रवेश मिळाला होता. राहणं, जेवण, शिकणं सगळं संस्थेकडे. शेकड्यांनी मुलं बसली होती आणि मूठभर घेतली होती, त्यात ही. बातमी आली त्या दिवशी पोरगी काही बोलली नाही. फक्त हौदावरच्या बाटल्या आईच्या आधी जाऊन धुऊन टाकल्या, एकही न फोडता. तिला गप्प आनंद व्हायचा, बापासारखा. लेक गेली तर घर कसं चालवायचं ह्याचा हिशेब फिक्कटमावशीने मनात कधीच लावून टाकला होता. आपण पास व्हायचं, जागा राखायची, सासऱ्यांचं करायचं आणि पोरीला जाऊ द्यायचं. ह्यातलं पहिलं तेवढं जमायला हवं होतं.

पहिल्यांदा ती नापास झाली. दुसऱ्यांदाही झाली. सासरे म्हणाले, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मग जरा थांबून म्हणाले, माझ्याही आडात नव्हतं, मी मापं टाचणीने टोचून घ्यायचो. त्यांची समजूत घालायची तऱ्हा अशीच होती, आधी चापट मग फुंकर.

तिसऱ्या वेळेसाठी लेकीने शिकवायला घेतलं. पेपरात सगळ्यात जास्त गुण असायचे ते ॲसिड आणि कॉस्टिक एकमेकांना मारतात त्या समीकरणांना आणि त्यांच्यावरच्या गणितांना. आणि आईचं घोडं नेमकं तिथेच अडायचं. डावीकडे काय काय आहे आणि उजवीकडे काय काय झालं हे दोन्हीकडे सारखं भरलं पाहिजे, एवढं तिला कळत होतं. पण भरायचं कसं, तर जिथे कमी पडेल तिथे ती अक्षराच्या पायाशी बसलेला बारका आकडा बदलून टाकायची. पाण्यातला एक भाग वाढवायची, नाही तर काढून घ्यायची. लेक कपाळाला हात लावायची. "आई, हे पाणी राहिलं नाही आता. हे प्यायलीस तर आजोबांच्या शेजारी दुसरी खाट टाकावी लागेल."

शेवटी पोरीने आजोबांचा बटणांचा डबा मागितला. म्हातारा आधी देईना. त्या डब्यात त्याच्या दुकानाचं होतं नव्हतं ते होतं. मग नातीने कारण सांगितल्यावर त्याने डबा स्वतःच डाव्या हाताने पुढे सरकवला आणि म्हणाला, पितळेची चार आहेत, ती मोजून परत पाहिजेत.

शर्टाची बारकी पांढरी बटणं हायड्रोजनची. तांबडी ऑक्सिजनची. निळी सोडियमची. कोटाचं मोठं तपकिरी बटण गंधकाचं. लेकीने दोऱ्यात ओवून त्यांच्या जुड्या केल्या आणि प्रत्येक जुडीला गाठ मारली. दोन पांढरी, एक तपकिरी, चार तांबडी, ही झाली सल्फ्युरिकची जुडी. एक निळं, एक तांबडं, एक पांढरं, ही कॉस्टिकची. गाठ सोडायची नाही, लेक म्हणाली, गाठ म्हणजे तो पायाशी बसलेला आकडा. तो आपला नव्हे. कमी पडलं तर आख्खी जुडी आणखी एक आण. किती जुड्या आणल्या तो आकडा पुढे लिही.

हे मात्र तिच्या डोक्यात शिरलं. जुडी तोडायची नाही, वाटल्यास दुसरी आणायची. दुपारची कामं आटोपली की मायलेकी आखूड खोलीत सतरंजीवर बसत. सल्फ्युरिकच्या एका जुडीला कॉस्टिकच्या दोन जुड्या आणल्या, की सगळं सुटं करून उजवीकडे पुन्हा बांधता यायचं, एकही बटण उरायचं नाही, एकही कमी पडायचं नाही. खाटेवरून सासरे बघत राहायचे. एकदा म्हणाले, जन्मभर बटणं लावली, ती सोडून पुन्हा बांधायला विद्या लागते हे ठाऊक नव्हतं.

ती घोकत राहिली. बाटल्यांना लेबलं चिकटवताना, फडकं पिळताना, सासऱ्यांना कुशीवर वळवताना ओठ हलत राहायचे. लेक रोज एक नवं समीकरण द्यायची आणि ती बरोबर करायची. सारखं बरोबर येऊ लागलं तशी पोरगी घरात हलक्या पावलांनी वावरायला लागली. एके दिवशी तिने आपले चार कपडे काढून बघितले, कुठला दूरच्या शहरात चालेल, कुठला नाही. आईने ते दारातून पाहिलं आणि मागच्या मागे वळली.

एकच गोष्ट तिने लेकीला विचारली नाही. विचारण्यासारखं काही आहे हेच तिला वाटलं नाही. बटणांच्या खेळात एकाला दोन लागत होते आणि प्रयोगशाळेत पंचवीसला पंचवीस. खेळ सतरंजीवरचा, काम टेबलावरचं. दोन्हीची गाठ कधी पडेल असं तिच्या मनातही आलं नाही.

ती पडली परीक्षेच्या हॉलमध्ये.

हॉल कॉलेजातलाच, रोज तिने झाडलेला. ज्या बाकावर तिला बसवलं त्याच्या कडेला कुणीतरी कर्कटकाने बदाम कोरलेला होता. तो घासून काढायचा तिने दोनदा प्रयत्न केला होता. आज त्यावर कोपर टेकून ती पेपर वाचत होती. पहिलाच मोठा प्रश्न सल्फ्युरिक आणि कॉस्टिकचा. समीकरण पूर्ण करा, संतुलित करा. तिला हसू आलं. हात आपोआप चालला.

H₂SO₄ + 2NaOH → Na₂SO₄ + 2H₂O

खालीच त्याचा दुसरा भाग होता. सल्फ्युरिकचे पंचवीस मिली घेतले, तितक्याच तीव्रतेचं कॉस्टिक किती लागेल? लेकीने शिकवलं होतं तसं तिने केलं. एकाला दोन, म्हणजे पंचवीसला पन्नास.

पन्नास.

पेन थांबलं. नळीच मुळी पन्नास मिलीची असते. पन्नास लागायचं म्हणजे काठोकाठ भरलेली नळी पार तळापर्यंत रिकामी करायची. इतक्या वर्षांत, इतक्या मुलांच्या हातून, एकदाही कुणाची नळी अशी रिकामी झालेली तिने पाहिली नव्हती. पंचवीसला फिक्कट गुलाबी येतो. तिने पाहिलंय. हजार वेळा पाहिलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला?

ती पुन्हा वर गेली. चूक कुठे असेल तर त्या दोनमध्ये. पोरगी हुशार, पण तिने अजून एवढं काम कुठे केलंय. बटणांचा खेळ तिने आईला समजावं म्हणून रचलेला, त्यात इकडचं तिकडे झालं असेल. पंचवीसला पंचवीस, म्हणजे एकाला एकच. तिने दोन खोडला. आता उजवीकडे काय राहील? डोळ्यांपुढे तिने जुड्या मांडल्या. एक सल्फ्युरिकची, एक कॉस्टिकची. पाण्याची एक जुडी बांधून बाजूला ठेवली. उरलं एक निळं, एक पांढरं, एक तपकिरी, चार तांबडी. ही जुडी तिने पाहिली होती. सोडियम बायसल्फेट, वरच्या फळीवर, रुंद तोंडाच्या बरणीत, लेबलावर हीच अक्षरं ह्याच क्रमाने. तिच्याच हातचं लेबल होतं ते. म्हणजे हे आपल्या मनचं काही नव्हे, जगात असलेली वस्तू आहे.

H₂SO₄ + NaOH → NaHSO₄ + H₂O

तिने मोजलं. पांढरी इकडे तीन, तिकडे तीन. तांबडी पाच, पाच. निळं एक, तपकिरी एक. एकही उरलं नाही, एकही कमी पडलं नाही. गाठ सोडली नव्हती, पायाशी हात लावला नव्हता. लेकीने सांगितलेली प्रत्येक कसोटी लागत होती आणि वर डोळ्यांनी पाहिलेलंही जुळत होतं. पुढच्या चारही भागांची उत्तरं ह्याच ओळीवरून काढायची होती. तिने ती शांतपणे काढली. बाहेर पडताना तिला वाटलं, आजवर आपण फक्त पाठ करत होतो, आज पहिल्यांदा डोकं चालवलं.

संध्याकाळी लेक सासऱ्यांच्या खाटेवरची चादर बदलत होती. आईने दुसरं टोक धरलं आणि पेपर कसा गेला ते अथपासून सांगायला घेतलं. पोरगी मान डोलावत ऐकत होती. मग आईच्या आवाजात जरा तोरा आला. म्हणाली, तुझं बटणांचं मी आधी लिहिलं होतं, पण मग खोडलं. पन्नास येत होते. पन्नास कधी लागतात का गं?

लेकीने चादर धरलेले हात तसेच ठेवले. उजवीकडे काय लिहिलंस, तिने विचारलं. आईने सांगितलं. पोरीने ओठांतल्या ओठांत मोजलं.

"जुळतं," ती म्हणाली. "हे खरंच जुळतं, आई."

"मग? बघितलंस?"

"त्या बरणीतलं ओल्या हाताला लागलं तर काय होतं?"

"चुरचुरतं. कातड्याला चीर असली तर आगच होते."

"मग ॲसिड संपलं कुठे?"

आईला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तिने चादरीचं टोक खाली ठेवलं, अगदी हळू, जशी काच ठेवावी तसं. निम्मं मारलेलं ॲसिड. एक जुडी आणली, दुसरी आणलीच नाही, आणि उरलेलं निम्मं तसंच जिवंत सोडून वर हिशेब जुळला म्हणून सही ठोकली. ती जे म्हणाली ते एवढंच, "पण पंचवीसच लागतात. मी बघितलंय ना."

सासरे खाटेवरून काहीतरी विनोदाचं बोलायला गेले. "सूनबाई," म्हणाले आणि पुढचं त्यांना सुचलं नाही. असं पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आत ती कपाटाच्या दारामागच्या तक्त्यापुढे उभी राहिली. एक लिटर पाण्यात कशाचं किती घालायचं, हे त्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. आधीच्या भांडारवाल्या काकांनी तो लिहिला होता आणि ती त्यावर बोट ठेवून इतकी वर्षं द्रावणं बनवत आली होती. कॉस्टिकपुढे चार ग्रॅम. लेकीने शिकवलेल्या पद्धतीने तिने जुडीतल्या एकेका अणूचं वजन मिळवलं आणि द्रावण दशांश ताकदीचं म्हणून बेरजेचा दहावा हिस्सा घेतला. चारच आले. मग सल्फ्युरिक. दोनदा केलं, दोन्ही वेळा नऊ पूर्णांक आठ. तक्त्यावर मात्र चार पूर्णांक नऊ.

निम्मं. काकांनी सल्फ्युरिक मुळातच निम्म्या ताकदीचं ठेवलं होतं, म्हणजे मुलांना गणित सोपं जावं, म्हणजे टेबलावर कुठलंही ॲसिड असो, सारख्याला सारखं लागावं. तो दोनाचा आकडा कुठे गेलाच नव्हता. तो तक्त्यात होता आणि तक्त्यावरून दर महिन्याला तो तिने स्वतःच्या हाताने बाटलीत घातला होता, बूच लावून हलवला होता, लेबल चिकटवून फळीवर मांडला होता. आणि मग पंचवीसला पंचवीस आले म्हणून त्यावर विश्वास ठेवला होता.

मुलं आली. त्या दिवशी तिने कुणाला फिक्कट हवा म्हणून सांगितलं नाही. तीनचार जणांचं भडक गुलाबी झालं आणि मोरी दिवसभर लाजल्यासारखी दिसत राहिली.

निकालात अनपेक्षित काही नव्हतं. काठावर राहिली असंही नाही, कारण एका ओळीवर पाच उत्तरं उभी होती आणि ती ओळच बसली. विभागप्रमुख बाईंनी पुन्हा खुर्चीवर बसवलं. ह्या वेळी चहाही मागवला. तुम्ही कामाला वाघ आहात हो, त्या म्हणाल्या, पण नियमापुढे माझं काय चालतं. मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, मुलीचं नाव घालू ना? तिने मान हलवली नाही. ती म्हणाली, बाई, मी झाडलोट करीन, हौद घासीन, मला खोल्या तेवढ्या राहू द्या. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनाही ते जमण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन तिने मनाशी जुळवलेलं सगळं लेकीपुढे मांडलं. बाहेर कुठे एक खोली बघू. चार घरची कामं धरीन. तू मागे वळून बघू नकोस. तुझी जागा कुणी पुन्हा देणार नाही.

पोरगी विळीवर भाजी चिरत होती. "आणि आजोबांना कुठे ठेवशील? त्यांना दिवसातून चारदा वळवावं लागतं. कामावर जाताना खांद्यावर टाकून नेशील?"

"बघू काहीतरी."

"मी बाईंना हो म्हणून आले आहे." तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "सकाळीच. निकाल लागायच्या आधी."

आई उभी होती ती खाली बसली. लेक रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एखादा तांब्या आदळला असता, तू माझं वाटोळं केलंस असं म्हणाली असती, तर आईला पायाशी बसून काही बोलता आलं असतं. पण पोरीने तक्रारीला जागाच ठेवली नाही. संस्थेला कळवायचं काम तिने दुपारीच उरकलं आणि येताना आजोबांसाठी खोकल्याचं औषध आणलं.

सत्राच्या पहिल्या दिवशी लेक पांढरा कोट घालून मागच्या दाराने प्रयोगशाळेत गेली. कोट आईचाच. बाह्या लांब होत होत्या, त्या तिने दुमडल्या. आई खिडकीत उभी राहिली. हौदावर आज दुसऱ्याच कुणाची सावली पडणार होती, तिच्याहून सडपातळ. आतून पलीकडच्या मुलांचा गलका ऐकू आला. त्यातली निम्मी लेकीच्या वयाची, एखाददुसरा तिच्या वर्गातला.

सासऱ्यांनी पाणी मागितलं. तिने उशीखाली हात घालून त्यांना उचललं. दोन घोट घेऊन ते म्हणाले, "सूनबाई, रागावू नका. म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नसतं. तुम्हाला मनातून पोर जाऊच नये असं वाटत होतं का हो?"

ती म्हणाली, "काही तरीच काय, मामंजी."

"नाही, मला वाटत होतं," सासरे म्हणाले. "रोज वाटायचं. म्हणून विचारलं."

त्यांचं तोंड पुसून ती आखूड खोलीत आली. करायला कामं होती, पण एकही हाती लागेना. परीक्षेचा हॉल पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. ती बाकावर बसली आहे, पेन दोनाच्या आकड्यावर आहे. त्या क्षणी मनात काय होतं? नळी होती, पंचवीस होते, बरणी होती. आणखी काही होतं का? लेक खोलीत कपडे निवडत होती, कुठला चालेल, कुठला नाही, ते होतं का? ती आठवत राहिली. जितकं आठवावं तितकं ते गढूळ होत गेलं. जे स्वच्छ आठवत होतं त्याच्यावरही आता विश्वास बसेना, कारण स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीनेच तिला एकदा फसवलं होतं.

दिवस कलताना लेक परत आली. मोरीपाशी उकिडवी बसून तिने हात धुवायला घेतले. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगट. आईने विचारलं, कसा गेला दिवस? बरा गेला, लेक म्हणाली. एक नळी फुटली. माझ्या हातून नाही.

पाणी वाहत राहिलं. आईने कोट खुंटीला लावला आणि उगाच त्याच्या दुमडलेल्या बाह्या उलगडल्या.

"आई," लेक मान न वळवता म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की."

"मुद्दाम तर नाही ना खोडलंस?"

नाही हा शब्द केवढासा. तो तिच्या तोंडाशी होता. पण तो बाहेर यायला वेळ लागला. फार नाही, एक श्वास आत जाऊन बाहेर येईतो. पण तेवढाही लागायला नको होता, हे दोघींनाही कळलं.

"नाही गं," ती म्हणाली.

"बरं."

लेकीने नळ बंद केला. पदर नव्हता म्हणून हात ओढणीला पुसले आणि ती लांबट खोलीत गेली. आजोबांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. आतून तिचा आवाज आला, "आजोबा, इकडे हात द्या. हा नाही, तो."